सदऱ्यावरचा चीक

पुस्तकात तिसरा मुडदा पडला, तेव्हा बेबाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "अक्का, चहा टाका. हा जरा पचू द्या."

मुडदा बुऱ्हाणपूरच्या एका रंगाऱ्याकडे, निळीच्या हौदात सापडला होता. आधी एक निळा हात वर आला, मग दुसरा. डोकं काही आलं नाही. ते लेखकाने पुढच्या प्रकरणासाठी राखून ठेवलं होतं. मी आलं ठेचून चहा केला, दोघींनी वर केळीचे वेफर्स खाल्ले आणि बेबाबाईंनी पुन्हा पुस्तक उघडलं. मुडद्यावाचून आमची दुपार सुनी जायला लागली होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. धुळ्याला मुलगा नवल आणि सून दिपमाला यांच्याकडे असते. ती दोघं कामावर गेली की घर रिकामं. बेबाबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. सदुसष्ट वर्षांच्या, शाळेत बाई होत्या. दीड वर्षापूर्वी वाचनालयात आमचे हात एकाच वेळी एका रहस्यकथेवर पडले आणि दोघींपैकी कोणीच पुस्तक सोडलं नाही. शेवटी ठरलं, पुस्तक माझ्या घरी राहील आणि त्या दुपारी तीन ते पाच येऊन मोठ्याने वाचतील. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सलग वाचलं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. आणि त्यांचा आवाज असा, की मागच्या बाकावर झोपलेला पोरगा दचकून उठावा.

हे आमचं अकरावं पुस्तक. शिंदे-होळकरांच्या काळातलं. कव्हर केव्हाच गेलेलं, वाचनालयाने काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेलं, पहिली आठ पानं गहाळ. त्यामुळे त्याचं नाव काय आणि लिहिलं कोणी, हे आम्हाला कळलंच नाही. नायिका गेंदा नावाची विधवा रंगारीण. कोतवालाला जे माणसांच्या तोंडावर दिसत नाही, ते तिला त्यांच्या कपड्यांवर दिसतं. कोणाच्या अंगरख्यावर कुठला डाग, तो कशाने पडला, कशाने जाईल, हे ती वास घेऊन सांगते.

"पन्नाशीची बाई एका दिवसात असीरगडावर चढली आणि उतरली," बेबाबाई पान उलटत म्हणाल्या. "हिचे गुडघे कुठल्या कंपनीचे?"

"तिला एसटीची सवय नव्हती ना," मी म्हणाले.

खुनी कोण यावर आमची पैज लागायची. हरणारीने शेवभाजी करायची. बेबाबाई दर वेळी दिवाणजीवर पैज लावायच्या आणि दर वेळी हरायच्या. "दिवाणजीला सोडून कसं चालेल?" त्या म्हणायच्या. "त्याचं तोंडच तसलं आहे."

वाचनालयाच्या रहस्यकथांना एक रोग असतो. आधीचा कोणी तरी वाचक समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवतो, वर बाणही काढतो. बेबाबाईंना याची भयंकर चीड. "वर्गात असता तर पट्टीनं हात सोलला असता मेल्याचा," म्हणायच्या. म्हणून त्यांनी एक खोडरबर आणून मला दिलं आणि काम नेमून दिलं. सकाळी भिंग घेऊन पुढची वीस-पंचवीस पानं बघायची आणि पेन्सिलीचं काही दिसलं की खोडून टाकायचं.

म्हणजे खुनी कोण हे मला आधीच कळायचं आणि दुपारी न कळल्यासारखं बसायचं. मला ते जड गेलं नाही. अठ्ठावन्न वर्षं मी तेच करत आले होते.

बेबाबाईंच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. पान उलटताना ती कागदाला टेकत नाही, वेगळीच वर उभी राहते. ओळख झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी त्याबद्दल विचारलं होतं.

"नऊ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "गावानं वडलांना मारलं तेव्हा मी मध्ये पडले. फैजपूरकडचं गाव. त्याचं नाव मी घेत नाही. वडील केळीच्या बागेत रखवालदार होते, तोताराम. मालकाची बायको मारली म्हणून त्यांच्यावर आळ आला." मग सहज विचारलं, "तुमचं सासर कुठलं, अक्का?"

"वरणगाव," मी म्हणाले.

ते निम्मंच खरं होतं. माझे यजमान पुढे वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले, माझा संसार तिथेच झाला. पण लग्न होऊन मी ज्या घरात गेले, ते घर बेबाबाई नाव घेत नाहीत त्या गावात होतं. मेलेली बाई माझी जाऊ, कोकिळा. तिला कोणी मारलं हे मला माहीत होतं. सांगितलं तर बेबाबाई माझा उंबरा पुन्हा चढणार नव्हत्या. नाही सांगितलं तर त्या खुन्याची पोर म्हणूनच मरणार होत्या. या दोन्हींच्या मध्ये मी रोज तीन ते पाच बसत होते.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. घरचा कर्ता माझा जेठ, म्हणजे यजमानांचा मोठा भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठासमोर पदर पुढे ओढायचा, त्याच्याशी बोलायचं नाही आणि त्याचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. मी त्याला 'मोठे' म्हणायचे, तेही भिंतीआडून. इथे लिहितानाही हात अडतो आहे.

कोकिळा पाचोऱ्याची. मोठ्याने हसायची, म्हणून मार खायची. जेठाने एकदा तिचा खांदा निखळवला. एकदा कढतं वरण तिच्या पायावर ओतलं, कारण त्यात मीठ नव्हतं. पाय बरा व्हायला दोन महिने गेले आणि ते दोन महिने ती बसून भाकऱ्या थापत होती. माघातल्या एका मंगळवारी ती विहिरीवर मला म्हणाली, "वच्छे, मी चालली. बागेतून सडकेला लागते, सावद्याहून गाडी धरते. आता मले न्यायले कोणी आलं तरी येणार नाही."

त्याच दिवशी भर दुपारी बागेच्या मधोमध जेठाने तिला गाठलं. मारताना मी बघितलं नाही, पण बाग नंतर बघितली. कोयता तिच्यावर पडला तसा केळीवरही पडला होता. पाच-सहा झाडं अर्धी कापली जाऊन कलली होती आणि त्यांच्या खोडांतून पाणी गळत होतं. एक वार तिच्या मानेवर, एक खांद्यावर आणि एक तिने आडव्या धरलेल्या हातावर. तीन बोटं पाटाच्या पाण्यातून वाहत पलीकडच्या वाफ्यात गेली. ती दुसऱ्या दिवशी सापडली, एकात अजून अंगठी होती.

तिचा आवाज ऐकून तोताराम धावला. तो पोचला तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं, आणि ती जिवंत होती. त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि पळत गावात आणलं. मारुतीच्या पारापाशी तिने जीव सोडला. तोतारामचा सदरा, धोतर, दाढी, सगळं रक्ताने थबथबलेलं.

गाव गोळा झालं. तासाभराने जेठ आला, दुसऱ्या वाटेने. त्याच्याही सदऱ्यावर डाग होते, छातीपासून पोटापर्यंत, तपकिरी. कोणाची तरी नजर तिकडे गेली असावी, कारण तो लगेच म्हणाला, "सकाळपासून घडं कापून राह्यलो, चीक लागला." आणि दुसऱ्यांदा त्या सदऱ्याकडे कोणी बघितलं नाही. आमच्या भागात ज्याच्या अंगावर केळीचा चीक नाही, असा माणूस सापडायचा नाही. कापलेल्या दांड्यातून तो गळतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळला की तपकिरी होतो आणि पुढे काळा. वाळलेल्या रक्ताचा रंग अगदी तसाच. शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या अंगावर गावाला रक्त दिसलं, दुसऱ्याच्या अंगावर चीक दिसला.

पहिला टेकू जेठाने उचलला. टेकू म्हणजे घडाने वाकलेल्या केळीला आधार द्यायचा बांबू. पाराशेजारी त्यांचा भारा पडलेला होता, ज्याला जो हाताला लागला तो त्याने घेतला. तोताराम हात जोडून सांगत होता, "मी आणली तिले, मी आणली." मग त्याचे जोडलेले हात मोडले. मग गुडघे. मी दाराच्या फटीतून बघत होते. ओलं लाकूड मोडताना येतो तसा आवाज येत होता आणि मारणाऱ्यांत आमच्याकडे रोज ताक मागायला येणारी माणसं होती. एक परकर-पोलक्यातली पोरगी माणसांच्या पायांतून शिरली आणि तोतारामच्या डोक्यावर पालथी पडली. कोणी तरी तिचा हात टेकूनेच बाजूला केला. जेठ शेवटपर्यंत मारत होता. कमरेत एक घाव बसला आणि तोतारामचं ओरडणं बंद झालं. पाय पुन्हा हलले नाहीत.

पोलीस आले, बघून गेले. लोळागोळा झालेल्या माणसावर खटला कुठला उभा राहतो? पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोने त्याला बैलगाडीत घातलं आणि पोरीला घेऊन धुळ्याकडे भावाच्या गावी निघून गेली. तिथे तो अकरा वर्षं अंथरुणावर जगला.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवसाच्या सकाळची गोष्ट. सासूने जेठाचे कपडे माझ्यापुढे टाकले. "चिकाचे आहेत. पाण्यातून काढ, बागेतच घालायचे आहेत."

चिकाचे कपडे धुणं म्हणजे नुसतं नावाला. चीक जात नाही. धुवाल तितका काळा पडतो. आपटा, घासा, राखेत उकळा, सदरा फाटेल पण डाग राहील. म्हणून तर प्रत्येक घरात बागेचे कपडे वेगळे असतात. मी विहिरीवर बसले, सदरा थंड पाण्यात बुडवला आणि पाणी लाल झालं. दुसरं पाणी घेतलं, तेही लाल. चौथ्या पाण्याला सदरा लग्नात घालावा इतका पांढरा निघाला.

मी तो दोरीवर टाकला आणि तशीच उभी राहिले. सासू आली. तिने सदऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. परसात गेली, केळीच्या घडाचा ताजा तोडलेला दांडा घेऊन आली आणि तो ओला दांडा सदऱ्यावर घासत राहिली, छातीपासून पोटापर्यंत. पोलिसांनी सदरा मागितला, तोवर त्यावर खरा चीक होता.

मी यजमानांना सांगितलं. पुना त्यांचं नाव, गरीब स्वभावाचे, मुंगीला वाट देणारे. त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला आणि दुसऱ्या हाताने कानाखाली मारली. जन्मात एकदाच. "तू फक्त कपडे धुतले," ते म्हणाले. "बाकी काही बघितलं नाही." ते गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. त्यांनी दाबलेला तो हात त्यानंतरही मी स्वतःच माझ्या तोंडावर धरून ठेवला होता.

तर गेंदा. सतराव्या प्रकरणात ती किल्लेदाराचा शेला मागवून घेते. शेल्यावर लाल डाग असतात आणि किल्लेदार म्हणतो, होळीचा रंग आहे. गेंदा भर कचेरीत परातीत पाणी घेते, शेला बुडवते आणि म्हणते, माझा रंग असता तर सात पाण्यांना हटला नसता.

बेबाबाईंचा आवाज थांबला. त्यांनी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आमच्या गावात अशी एक तरी बाई असती ना, अक्का..." त्यांनी वाकड्या करंगळीने डोळ्याचा कोपरा पुसला. "एक. जास्त नको. वडील अकरा वर्षं छताकडे बघून एकच म्हणायचे, 'मी आणली तिले.' मी शाळेत गेले की पोरं म्हणायची, 'खुनीनी पोर शे ती.' पुढे लग्नाच्या दोन बैठका मोडल्या, मग आईनं तिसरी केलीच नाही." त्यांनी पुस्तक पुन्हा सुलटं केलं. "जाऊ द्या. गोष्टीतली बाई ती. गोष्टीत बऱ्या सापडतात अशा."

त्या दिवशी पाच वाजता त्या गेल्या आणि मी बराच वेळ कप धुतलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंग घेऊन बसले. अठराव्या प्रकरणात दोनशे बाराव्या पानावर त्या जुन्या वाचकाने लिहिलं होतं: 'खुनी किल्लेदार नाही, त्याचा मेहुणा.' मी ते खोडलं. रबराचा भुगा फुंकला. समास स्वच्छ झाला. मग दिपमालाच्या टेबलावरची पेन्सिल आणली. तोंडाने जेठाचं नाव मला घेता येत नव्हतं. वीस वर्षांची असताना नाही, आताही नाही, मी रिकाम्या घरात म्हणून बघितलं तर पहिल्या अक्षरापुढे गेलेच नाही. पण हाताला तशी काही शपथ नव्हती. मी लिहिलं.

दुपारी बेबाबाई आल्या. पैज दुप्पट झाली होती, शेवभाजीवर भरीत. त्यांनी चष्मा लावला, वाचायला लागल्या. किल्लेदाराच्या माणसांनी गेंदाला गाठून तिची बोटं उकळत्या रंगात बुडवली होती, ती ओरडत नव्हती. बेबाबाई रंगात आल्या होत्या. पान उलटलं. करंगळी उभी राहिली.

"आणि गेंदा म्हणाली..." त्यांची नजर समासात गेली. "अक्का, हे राहिलंच की खोडायचं. बघा मेल्यानं काय लिहिलंय. 'कोकिळाला जीवरामने मारलं. तोताराम निर्दोष. सदरा मी धुतला, डाग गेला.'"

सगळं वाक्य त्यांनी वर्गात वाचल्यासारखं वाचलं. मग पुन्हा वाचलं, आवाज न करता. ओठ हलत होते.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"तुम्ही वरणगावच्या."

"नंतर वरणगावच्या. आधी त्या घरातली धाकटी सून." आणि मग मी सगळं सांगितलं. विहीर, चार पाणी, सासूने घासलेला दांडा.

"बठ्ठं, सगळं माहीत व्हतं तुले," त्या म्हणाल्या. दीड वर्षात पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं. आणि मारली. उघड्या हाताने, पूर्ण ताकदीने. माझा चष्मा उडून टीपॉयवर आपटला, एक काच फुटली. मी खुर्चीतून कलले आणि कोपर फरशीवर आदळलं. त्यांनी मला उचललं नाही. पुन्हा हात वर केला आणि मग तो आपल्याच मांडीवर दाणदाण आपटला, तीन-चार वेळा.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"आणि माझ्या शेजारी बसून किती?"

"दीड."

"अठ्ठावन्नचं मला कळतं. तू पोर होतीस, तुझंही डोकं फोडलं असतं त्यांनी. पण दीडचं कळत नाही." त्यांनी पुस्तक उचललं, पिशवीत घातलं आणि गेल्या.

संध्याकाळी नवलने विचारलं, चष्मा कसा फुटला. पडले, म्हणाले. तेही निम्मं खरं होतं.

आठ दिवस त्या आल्या नाहीत. तीन वाजले की मी दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. नवव्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजली. बेबाबाई दारात, खांद्याला पिशवी.

"जिवंत आहे तो?"

"आहे. एक्क्याण्णव वर्षांचा. रोज त्याला पारावर आणून बसवतात."

"मग चला. कागदावर लिहून वगैरे मला काही नको. जिथे मारलं तिथे बोलायचं."

जळगावला गाडी बदलली. दोन्ही एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या नाहीत, एक बाक पुढे बसल्या. मी त्यांच्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघत बसले. फैजपूरला उतरल्यावर रिक्षावाल्याने गावाचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनीच सांगितलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं.

अकराचा सुमार. पाराला आता फरशी बसवली आहे, शेजारी पाण्याचा नळ आहे. समोर केळीचा ट्रक भरत होता. घड वाहणाऱ्या बाया लुगड्यांवर नवऱ्यांचे जुने सदरे चढवून रांगेने येत होत्या, सगळे सदरे चिकाने काळे. जेठ खुर्चीत बसला होता, पांढरे शुभ्र कपडे, हातात वेताची जाड काठी. दहा-बारा माणसं भोवती होती. त्याचा नातू हितेंद्र मला ओळखून पुढे आला. "आजी! अशी अचानक? फोन तरी करायचा. आबा, वरणगावची आजी आली."

मी त्याच्यासमोर उभी राहिले. हात आपोआप पदराकडे गेला, पुढे ओढायला. मी पदर मागे टाकला. डोकं उघडं केलं.

"जीवराम," मी म्हणाले.

भोवतालची माणसं हललीच. नावाने नव्हे, मी ते घेतलं म्हणून. म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला.

"तुमची पहिली बायको कोकिळा तुम्ही कोयत्यानं कापली. तोतारामनं नाही. ही त्याची पोर, बेबा. इथं, या जागेवर तुम्ही तिच्या बापाची कंबर मोडली. तुमच्या अंगावर रक्त होतं. सदरा मी धुतला."

"आजी, काय बोलता?" हितेंद्र म्हणाला. "ऊन लागलं का तुम्हाले?"

"जुनं प्रकरण उकरून काय मिळतं, काकू?" दुसरा एक जण म्हणाला. "म्हातारा माणूस आहे."

"चीक व्हता तो," जेठ म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण तोच. "गाव साक्षीले आहे. बठ्ठ्यांनी पाह्यलं. चीक व्हता."

"बठ्ठ्यांनी पाह्यला," मी म्हणाले. "धुतला मी एकटीनं. गेला तो. चार पाण्यात गेला."

त्याने काठी उचलली कधी, मला दिसलंच नाही. एक्क्याण्णव वर्षांच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. पहिला फटका कपाळावर बसला, कातडी फाटली. दुसरा त्याने मारला तो बेबाबाईंनी डाव्या हातावर झेलला, त्याच हातावर, आणि काठी घट्ट धरली. "मार," त्या ओरडत होत्या, "मार ना! या हाताची सवय शे तुले!" हितेंद्रने दोघांच्या मधून हात घालून काठी हिसकावून घेतली. खुर्ची कलंडली. म्हाताऱ्याच्या तोंडातून शिव्या पडत होत्या, मला, कोकिळाला, मेलेल्या सासूला. "ती चालली व्हती," तो म्हणाला. "माही बायको बागेतून पळून चालली व्हती!"

माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं, तिथून पदरावर. लुगडं पांढरं होतं. घड वाहणाऱ्या बाया ओझी टाकून धावल्या. त्यांतली एक, चाळिशीची असेल, कोण कुठली मला माहीत नाही, तिने मला नळापाशी बसवलं, माझं कपाळ दाबून धरलं आणि रोजच्या कामाचं बोलावं तसं म्हणाली, "काकू, पदर लगेच थंड्या पाण्यात धरा. हे निंघून जातं. हा काय चीक आहे, न निंघायले?"

बोलून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. तिचा हात माझ्या कपाळावर तसाच राहिला. तिने मान खाली घालून स्वतःच्या अंगावरच्या सदऱ्याकडे बघितलं. शेजारच्या बाईने आपल्या सदऱ्याकडे बघितलं. रांगेतल्या सगळ्या बायांनी आपापल्या काळ्या पडलेल्या सदऱ्यांकडे बघितलं, आणि मग एकेक करून पारावरच्या पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्याकडे. माणसं अजून विचारत होती, काय झालं, काय झालं. बायांना आधी कळलं होतं.

"आबा," हितेंद्र हळूच म्हणाला. "चीक कसा जाईल?"

जेठ कलंडलेल्या खुर्चीचा हात चाचपत काठी शोधत होता.

बेबाबाई माझ्याजवळ आल्या. मनगट सुजायला लागलं होतं. त्या खाली बसल्या, नळ सोडला, माझा पदर धारेखाली धरला आणि दोन्ही हातांनी चोळू लागल्या, करंगळी तेवढी बाजूला उभी. लाल पाणी फरशीवरून पाराच्या कडेने वाहत गेलं. त्यांनी पदर पिळला, उलगडला आणि उजेडाकडे वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"गेला," त्या म्हणाल्या, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.